शेवटी ऑक्सिजन

नौपाड्यातील आपल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवताना बाई ज्वलनाच्या समीकरणांपाशी बराच काळ थांबत असत, आणि समीकरण संतुलित करताना, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे करताना, आधी कार्बन, मग हायड्रोजन व सर्वांत शेवटी ऑक्सिजन मोजावा, असा त्यांचा आग्रह असे. या क्रमाचे कारण त्या फळ्यावर पटवून देत. इंधनाच्या रेणूत कार्बन आणि हायड्रोजन एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे सहगुणक, म्हणजे सूत्राआधी लिहिलेला रेणूंचा आकडा, बदलला की दोघांचीही संख्या बदलते. डाव्या बाजूचा ऑक्सिजन मात्र एकटा असतो, म्हणून तो शेवटी जुळवला तर आधीचे काही विस्कटत नाही.

प्रोपेन या इंधनवायूचे समीकरण सहज सुटत असे. ब्युटेन या दुसऱ्या इंधनवायूपाशी वर्ग अडत असे, कारण तेथे एका रेणूला ऑक्सिजनचे साडेसहा रेणू लागतात. अशा वेळी रेणुसूत्रातील अंकच बदलण्याचा मोह बाई मुळीच चालवून घेत नसत. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा एक अणू वाढवला तर ते पाणी न राहता हायड्रोजन पेरॉक्साइड होते, हे त्या बजावत. मग अवघ्या समीकरणाला दोनाने गुणायचे: ब्युटेनचे २ रेणू, ऑक्सिजनचे १३, त्यांतून कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १०. दोन्ही बाजूंच्या रेणुवस्तुमानांची बेरीज ५३२ आल्याखेरीज वही मिटायची नाही, हा वर्गाचा दंडक होता.

पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात बॉयलरचे काम माझ्याकडे आले. तेथील इंधन नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यत्वे मिथेन. मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात आणि हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, म्हणून १ घनमीटर मिथेनला साधारण साडेनऊ घनमीटर हवा हवी, हा हिशेब मी बाईंच्याच पद्धतीने मांडत आलो आहे. प्रत्यक्षात हवा थोडी जास्त सोडावी लागते; फार जास्त सोडली तर ती तापवण्यात खर्ची पडलेली उष्णता धुराड्यावाटे निघून जाते.

हवा कमी पडली तर काय होते, हे समीकरणही आजच्या विद्यार्थ्यांनी याच्या जोडीला सोडवावे, असे मला मनापासून वाटते. मिथेनच्या २ रेणूंना ऑक्सिजनचे ४ ऐवजी ३ रेणूच मिळाले, तर कार्बन मोनॉक्साइडचे २ आणि पाण्याचे ४ रेणू तयार होतात, आणि हेही समीकरण तितकेच बिनचूक जुळते. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. म्हणूनच आपल्याकडील लहानशा, बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवू नये.