पहिल्या सिझरचा भुलेचा कागद मिळवताना : माझा अनुभव

पहिल्या सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिल्यावर माझं बीपी धाडकन खाली आलं होतं. पण डिस्चार्ज कार्डावर त्याबद्दल एक अक्षर नाही. 'एलएससीएस अंडर एसए' (म्हणजे पाठीत भुलेचं इंजेक्शन देऊन केलेलं सिझर), बस. ज्यांचं एक सिझर झालंय आणि दुसऱ्याची वेळ जवळ आलीय त्यांच्यासाठी हे लिहितेय. भुलेचा कागद, म्हणजे ऑपरेशनभर बीपी आणि नाडी लिहितात ती नोंद, मिळवताना जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमने जे छळलं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणूनही लिहितेय.

तेव्हा झालं ते असं. इंजेक्शन दिलं, आडवं केलं, पाय गरम आणि जड झाले. मग एकदम मळमळायला लागलं, कानात दडे बसले, डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी "बीपी बघा, बीपी" म्हणत होतं. सलाईन भराभर सोडलं, काहीतरी टोचलं, आणि मी सावरले. मुलगी छान रडली, त्या आनंदात सगळ्यांनी "होतं असं" म्हणून विषय संपवला.

दुसऱ्या वेळी नागपुरातच धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये नाव नोंदवलं. तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी आठव्या महिन्यातच बोलावून घेतलं. त्यांनी नीट समजावलं. पाठीतल्या इंजेक्शनने कमरेखालची जाणीव जाते, तशाच रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही सुन्न पडतात. वाहिन्या सैल झाल्या की बीपी उतरतं. त्यात बाई उताणी झोपलेली असेल तर भरल्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. बराच वेळ तसंच राहिलं तर बाळाचा रक्तपुरवठाही घटतो.

मग त्यांनी विचारलं, बीपी किती खाली गेलं होतं? बाळ बाहेर यायच्या आधी की नंतर? नाडी जोरात होती की मंदावली होती? कोणतं औषध दिलं? मला यातलं काय ठाऊक असणार! पण याच उत्तरांवर पुढची तयारी ठरते. बाळ झाल्यानंतर बीपी उतरलं असेल तर कारण रक्तस्राव असू शकतं, किंवा गर्भाशय आकसावं म्हणून देतात ते ऑक्सिटोसिन भरकन गेलेलं असू शकतं. त्याचा उपाय वेगळा. मॅडम म्हणाल्या, "कागद नाही मिळाला तरी मी सांभाळीनच. मिळाला तर फार बरं." तो कागद म्हणजे भुलेची नोंद, ऑपरेशनभर बीपी आणि नाडी लिहितात तो.

आता त्या जुन्या हॉस्पिटलची गोष्ट. नाव घेत नाही. मे महिना, नागपूरचं ऊन, आणि रेकॉर्ड रूम तळघरात, लिफ्ट तिथपर्यंत जात नाही. खिडकीवरच्या माणसाचा पहिलाच प्रश्न, "एवढा जुना कागद कायले पाहिजे मॅडम? डिस्चार्ज कार्डात सगळं असते ना." त्याला सांगितलं, त्यात नाही म्हणूनच आले. तर म्हणे अर्ज इंग्रजीत टाइप करून आणा. आणला. तर म्हणे आयपीडी नंबर (दाखल पेशंटचा नोंदणी क्रमांक) टाका. तो टाकला, तर सही करणारे सर नाही आहे, उद्या या. दुसऱ्या दिवशी सर होते, पण चावी ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. बसायला एक बाक, त्यावर फायलींचे गठ्ठे. सासूबाईंनी स्वतः ते गठ्ठे उचलून खाली ठेवले आणि मला बसवलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

नंतर नवऱ्याला पाठवलं, तर पेशंटचं पत्र नाही म्हणून परत. (हे आधीच करून ठेवा : स्वतःच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोघांच्या आधारची झेरॉक्स.) पुढे एकदाचे कागद हातात पडले, घरी येऊन उघडले तर दाखल केल्याचा कागद, ऑपरेशनची नोंद आणि बिलं. भुलेचा कागद त्यात नव्हताच! त्या दिवशी मी रडले, आणि ते रडणं संतापाचं होतं. आपल्याच शरीराची नोंद, आणि ती मिळावी म्हणून नवव्या महिन्याला टेकलेल्या बाईने हातापाया पडायचं?

माझी नणंद वकिलाकडे काम करते. तिने नियम काढून दिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार पेशंटने मागितल्यावर पोच द्यायची आणि 72 तासांत कागद द्यायचे. दाखल पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवणंही बंधनकारक आहे. माझी मुलगी अडीच वर्षांची होती, म्हणजे कागद असायलाच हवा होता. नवा अर्ज केला, त्यात नियम लिहिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागितली. शिक्का मारताना त्या माणसाचा आवाजच बदलला. कागद मुदतीत मिळाला. तो फायलीतच होता, मागच्या बाजूला टाचलेला!

मॅडमनी त्या बारीक चौकटींवरून बोट फिरवलं. सुरुवातीला 118/76. इंजेक्शननंतर थोड्याच वेळात 74/40, नाडी 124. बीपी चढवायचं औषध, मेफेन्टरमिन, दोनदा. बाळाच्या जन्माची वेळ त्याच्या पुढच्या चौकटीत. "म्हणजे हे स्पायनलमुळेच, पाठीतल्या इंजेक्शनमुळेच," त्या म्हणाल्या, आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

या वेळी त्यांनी बीपी पडायची वाटच पाहिली नाही. पाठीत इंजेक्शन दिलं तेव्हाच सिरिंज पंपवर (औषध ठरल्या वेगाने सोडणारं यंत्र) फेनिलेफ्रिन सुरू केलं, सलाईनही त्याच वेळी. हे औषध सैल पडलेल्या वाहिन्यांना आवळून धरतं. नाडी फार मंदावली तर त्याचा वेग कमी करतात, म्हणूनच मागची नाडी त्यांना हवी होती. उजव्या कुशीखाली उशी सारून मला डावीकडे कलतं ठेवलं, आणि बाळ येईपर्यंत दर मिनिटाला बीपी. वरचा आकडा मूळच्या निदान 90 टक्के राहावा, असं त्यांचं लक्ष्य. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशीही हेच सांगतात, औषध शक्यतो आधीपासूनच द्या. माझा आकडा 110 च्या आसपास राहिला. मळमळ नाही, अंधारी नाही. मुलाचं पहिलं रडणं मी पूर्ण शुद्धीत ऐकलं.

आणखी एक राहिलं. घरचे आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा देईनात. मॅडमनी जेवण वेळेत बंद करायला लावलं, पण साधं पाणी ऑपरेशनच्या 2 तास आधीपर्यंत चालेल म्हणाल्या. तुमच्या डॉक्टरांना हे आधीच विचारून घ्या. आणि टेबलावर थोडंसं जरी मळमळलं तरी लगेच सांगा, लाजू नका. बीपी उतरत असल्याची ती पहिली खूण असू शकते.

दुसऱ्या वेळचा भुलेचा कागद मी सुटी व्हायच्या आधीच मागून घेतला, फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्येही आहे. तुमचा जुना कागद अडकला असेल तर नुसतं 'केस पेपर' लिहू नका. अर्जात हे टाका : "ऑपरेशनच्या वेळची भुलेची संपूर्ण नोंद, बीपी, नाडी आणि दिलेल्या औषधांच्या वेळांसह, मिळावी. अर्जाची पोच द्यावी."