आधी कागद, मग ओल, शेवटी रंग

सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात 3 टक्क्यांची सवलत दिली आणि मुंबईत ते 5 वरून 2 टक्क्यांवर आलं. टाळेबंदीत थंड पडलेला पुनर्विक्रीचा बाजार तेव्हा हलू लागला. जानेवारी ते मार्च 2021 या काळात शुल्क 3 टक्के होतं, मग सवलत संपली. मुलुंडमधला आमचा जुन्या सोसायटीतला टू बीएचके आम्ही याच काळात विकायला काढला. सावरत्या बाजारात चौकशीचे फोन भरपूर येतात, पण खरेदीदार आणि त्याला कर्ज देणारी बँक दोघंही पाऊल जपून टाकतात. व्यवहार पुढे सरकतो तो कागद पूर्ण असलेल्या आणि भिंती कोरड्या असलेल्या घरांचा. म्हणून आम्ही पैसा आणि वेळ याच क्रमाने घातला.

कागदांची सुरुवात साखळीपासून केली. बिल्डरकडून पहिल्या खरेदीदाराकडे, तिथून पुढच्याकडे, असा प्रत्येक करारनामा, त्याची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा सारांश) हवा. मधला एखादा करार नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढता येते. मात्र मूळ प्रत हरवली असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि हमीपत्र एवढं सगळं बँकेचा वकील मागतो. नोटिशीची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. हे काम गिऱ्हाईक आल्यावर काढलं तर गिऱ्हाईक दुसरं घर बघतं.

सोसायटीने सदस्याला दिलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या मागची बाजू नीट वाचा. तिथे शेवटची नोंद तुमच्याच नावाची हवी. वडिलांच्या किंवा आईच्या नावावरचा फ्लॅट असेल आणि नॉमिनेशन तुमचं असेल, तर तेवढ्याने मालकी येत नाही. नॉमिनी हा विश्वस्त असतो, वारसांचा हक्क तसाच राहतो. भावंडांकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करून घ्या. अडकणारे व्यवहार बहुतेक इथेच अडकतात, आणि नंतर घाईत सही मागायला गेलं की घरातली नातीही ताणली जातात.

सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र आणि ना-हरकत दोन्ही घेतली. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, सदस्याने हस्तांतराची 15 दिवसांची नोटीस द्यायची असते. ना-हरकत कायद्याने सक्तीची नाही, पण बँक ती मागतेच. महापालिका हद्दीत सोसायटीला द्यायच्या हस्तांतर प्रीमियमची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. ‘बिल्डिंग फंड’ किंवा ऐच्छिक देणगीच्या नावाखाली जास्त मागितलं तर शासन निर्णयाचा आधार घेऊन लेखी विचारावं. आवाज चढवायची गरज पडत नाही. भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहायला योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याची) प्रत सोसायटीच्या दप्तरात असते, तीही आधीच काढून ठेवा. ते नसलेल्या इमारतीला अनेक बँका कर्ज देत नाहीत, आणि मग गिऱ्हाईकांचा घेर एकदम आक्रसतो.

घरावर कर्ज चालू असेल तर बँकेकडून दोन कागद मागायचे: ठरावीक तारखेपर्यंतची फेडीची रक्कम सांगणारं फोरक्लोजर पत्र, आणि बँकेच्या ताब्यातल्या मूळ दस्तांची यादी. खरेदीदाराची बँक ही यादी बघूनच फेडीचा चेक थेट तुमच्या बँकेच्या नावाने काढते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. दस्त परत मिळायला पूर्वी फार उशीर व्हायचा. 1 डिसेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते 30 दिवसांत द्यावे लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते.

आता ओल. मुंबईच्या जुन्या फ्लॅटमध्ये हा खरा कसोटीचा भाग, आणि लोक नेमके इथेच थेट रंगाऱ्याला बोलावतात. आधी पाणी कुठून येतंय ते ठरवायचं. डाग बारा महिने सारखाच ओला असेल तर संशय पाणीपुरवठ्याच्या पाइपवर. वरच्या घरातल्या अंघोळी झाल्यावरच ओलावत असेल तर सांडपाण्याचा सांधा, नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जायची जाळीखालची वाटी) किंवा फरशीचे सांधे. फक्त पावसाळ्यात फुटत असेल तर बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीची चौकट किंवा गच्ची. गच्चीची आणि बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीने स्वखर्चाने काढायची. संडास-बाथरूममधून खाली झिरपणारं पाणी त्या त्या सदस्याने. हे भाग उपविधींत स्पष्ट आहेत, म्हणून पत्र लिहिताना त्यांचाच उल्लेख करावा.

आपलं बाथरूम तपासायची रीत सोपी आहे. नहाणी ट्रॅपला बोळा घट्ट बसवायचा, फरशीवर साधारण 5 सेंटिमीटर पाणी धरायचं आणि 24 ते 48 तास ठेवायचं. दाराच्या उंबऱ्याशी ओल्या मातीचा छोटा बांध घालावा लागतो. खालच्यांचं छत आधी आणि नंतर त्यांना सोबत घेऊनच बघावं. छत कोरडं राहिलं तर फरशी फोडायची गरज नाही. फक्त सांधे झिरपत असतील तर जुनं ग्राउट (फरशांच्या फटींत भरलेला मसाला) 3 मिलिमीटर खोल खरवडून, सांधे पूर्ण वाळवून इपॉक्सी ग्राउट भरलं की भागतं. ते भरल्यावर 24 तास पाणी लावू नये. छत ओलं झालं तर मात्र फरशी उखडून, कोबा (फरशीखालचा थर) काढून नवं वॉटरप्रूफिंग करण्यावाचून इलाज नाही. वरून ओतायची रसायनं एखादा पावसाळा काढतात, पुढे तोच डाग दुप्पट होऊन येतो.

सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला छिद्रं असतात. ती धुळीने बुजली की पाणी आत उलटतं आणि खिडकीखालचा गिलावा फुगतो. बारीक तारेने ती मोकळी केली की कित्येकदा ‘भिंतीची ओल’ तिथेच संपते.

गळती थांबली तरी भिंत लगेच रंगवायची नाही. लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) धरलेला, पोकळ वाजणारा गिलावा विटेपर्यंत खरवडून नवा करायचा आणि हिवाळ्यातही तीन-चार आठवडे वाळू द्यायचा. वाळला का ते बघायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. ओल्या भिंतीवर इमल्शन चढवलं की आतली वाफ अडते आणि काही आठवड्यांत फोड येतात. खरेदीदाराची दुसरी भेट आणि बँकेचा मूल्यांकनकार नेमके तेव्हाच येतात. ओलीचा इतिहास असलेल्या भिंतीवर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावावी, ॲक्रिलिक नको. दोन हात पुट्टी, घासकाम, प्रायमर, मग फिक्या रंगाचे दोन हात. ओल कुठे होती आणि काय काम केलं ते खरेदीदाराला बिलांसकट सांगावं. लपवलेली ओल पहिल्या पावसात बाहेर येते, आणि ते त्या कुटुंबावर अन्याय करणारं आहे.

दाराच्या चौकटी आणि ओट्याखालची लाकडं टोचून वाळवी बघितली. विजेच्या पेटीत 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) बसवून तिचं टेस्ट बटण दाबून दाखवता आलं पाहिजे. नवा मॉड्युलर ओटा, फॉल्स सीलिंग यावर खर्च करू नये. घेणारा ते स्वतःच्या आवडीनेच बदलतो.

मूल्यांकनकार लेझरने मोजमाप घेतो. जुन्या करारात क्षेत्र बऱ्याचदा बिल्टअप (भिंतींच्या जाडीसकट) लिहिलेलं असतं, म्हणून कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) आपण आधी मोजून तोच आकडा सांगावा. आत घेतलेली बाल्कनी आणि पाडलेली भिंत मंजूर नकाशाशी जुळत नाही, ते अहवालात येतं आणि कर्जाची रक्कम घटते.

टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, चेकनेच घ्यावं. घरव्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. कर्ज नामंजूर झालं तर टोकनचं काय, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य करारातल्या किमतीच्या 110 टक्क्यांपेक्षा जास्त निघालं तर भांडवली नफा त्या वरच्या आकड्यावर मोजला जातो. सौदा 50 लाख किंवा जास्तीचा असेल तर निवासी भारतीय विक्रेत्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापला जातो. विक्रेता परदेशात राहणारा असेल तर कपात बरीच मोठी असते, त्याने कमी कपातीचा दाखला सौद्याआधीच आयकर खात्याकडून काढावा.

सवलतीच्या शेवटच्या दिवसांत नोंदणी कार्यालयांत गर्दी उसळली होती. करारावर सही झाल्यापासून नोंदणीला चार महिने मिळतात, त्यामुळे शुल्क मुदतीत भरून सही केलेले दस्त नंतर नोंदवता आले. चावी देताना महावितरण आणि पाइप गॅसच्या मीटरचे आकडे दोघांच्या सहीने ताबापत्रात लिहिले, आणि नावबदलाचे अर्ज त्याच बैठकीत भरून दिले.