तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं काय असतं त्या गेममध्ये?

बेळगावात, शहापूर भागात माझं मोबाइल दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पिन, हे रोजचं काम. पण महिन्यातून दोन-तीनदा कुणाची तरी आई नाहीतर बाप पोराचा फोन काउंटरवर आपटतात आणि म्हणतात, "ह्याला लॉक मारून द्या बघू." मारून देतो. मग पायरी उतरता उतरता प्रश्न येतोच, "अवो, एवढं काय असतं त्या गेममध्ये?" मागं गिऱ्हाईक उभं असतं, उत्तर द्यायला जमत नाही. म्हणून इथं लिहितोय. मी डॉक्टर नव्हे, तीन वर्षं त्यात बुडून आलेला माणूस.

आमचं घर वडगावचं, विणकराचं. दोन माग, दिवसभर खडखडाट, आई कांड्या भरायची. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत, वर्गात पहिल्या पाचात. (आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.) पुढं डिप्लोमाला गेलो आणि सगळं इंग्रजी. फळ्यावरचं गणित कळायचं, सर बोलायला लागले की कळेनासं व्हायचं. ऑफिसात अर्ज द्यायला गेलो की कन्नड. माझं कन्नड बाजारापुरतं, अर्जापुरतं नाही. तोंड उघडायच्या आधी कुठल्या भाषेत उघडायचं ह्याचाच हिशेब. पहिल्या वर्षी चार विषय राहिले. घरात दोन सांगितले.

त्याच वर्षी, २०१८ ला, पब्जी मोबाइल आलं. शंभर जण विमानातून उड्या टाकतात, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला, एवढाच खेळ. आमची चौघांची टोळी. एक इंदूरचा, एक हैदराबादचा, एक आमच्याच गल्लीतला. हिंदी सगळ्यांचीच मोडकी, पण कुणी कुठल्या मीडियमचा ते कुणी विचारलं नाही. पावलांच्या आवाजावरून शत्रू कुठल्या मजल्यावर आहे ते मला बरोबर कळायचं. महिन्याभरात टोळीचा म्होरक्या झालो. रात्री अकराला तिघं विचारायचे, "भाई, किधर उतरें?" दिवसभरात मला कुणी काही विचारलेलं नसायचं.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवता यावं, काहीतरी हातून जमावं आणि कुणाशी तरी धागा असावा. रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच व्हिडिओ गेमला लावून दाखवलं. हे मी फार नंतर वाचलं. वाचताना आमची माडी आठवली, रात्री अकराची.

उरलेलं अर्धं उत्तर गेम बनवणाऱ्यांचं. मजा येईनाशी झाली तरी मी का खेळत होतो? माझ्या मामाला मटक्याचा नाद होता. आकडा कधी लागायचा, कधी नाही, आणि हे 'कधी'च त्याला सोडत नव्हतं. स्किनर ह्या शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात कबुतरांवर हेच पाहिलं. चोच मारल्यावर दाणा कधी येईल ह्याचा नेम ठेवला नाही, की कबूतर थांबतच नाही, दाणा बंद केला तरी बराच वेळ मारत राहतं. गेममधली पेटी उघडताना काय निघेल ते कळत नाही, ते उगाच नव्हे. शिवाय सीझन, म्हणजे गेमचा ठरलेला हंगाम, संपला की कमावलेला हुद्दा खाली येतो. मग आपण जिंकायला खेळत नाही, गेलेलं परत आणायला खेळतो. मामा पण हेच म्हणायचा, "गेलेलं काढतो आणि सोडतो."

डोपामाइन, म्हणजे मेंदूतलं ओढ लावणारं रसायन, हा शब्द आता गिऱ्हाइकंही वापरतात. वापरा, पण कढईतल्या गरम कुंद्याच्या, आमच्या बेळगावी मिठाईच्या, वासानंही ते मेंदूत हलतं. तेवढ्यावरून पोराला व्यसनी ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण त्यात तास मोजलेले नाहीत. ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेम जाणं, नुकसान दिसत असून चालू ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर. बहिणीच्या हळदीला खालून हाका मारत होते आणि मी माडीवर मॅच संपायची वाट बघत होतो. माझं गणित तिथं जुळतं.

पोराचं जुळत असेल तर बेंगळुरूच्या निमहान्स ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत ह्यासाठीच वेगळं क्लिनिक आहे, २०१४ पासून. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था तर जवळच. पण आमच्याकडे 'धारवाडला न्यायला पाहिजे' ही शिवी आहे, त्यामुळं लोक माझ्याकडे येतात.

लॉकचं सांगतो. बाबांनी माझा फोन मागावर आपटून फोडला, मी मित्राचा घेतला. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पब्जीवर बंदी घातली, बाबांनी पेढे आणले. मी कोरियाची आवृत्ती उतरवून खेळलो.

सुटलं ते वेगळ्याच वाटेनं. २०२१ मध्ये बाबांच्या ओळखीच्या एका दुकानात बसायला लागलो. तिथं मायक्रोस्कोपखाली एक चार्जिंग पिन बदलली. दोन आठवड्यांनी तोच माणूस दुसरा फोन घेऊन आला आणि मालकाला म्हणाला, "तो पोरगा कुठाय?" त्या रात्रीही मी खेळलोच. पण पुढच्या सीझनला हुद्दा खाली आला, तो परत आणायचं राहून गेलं. कधी राहिलं ते आठवत नाही. रविवारी अजून एखादी मॅच खेळतो.

मागच्या आठवड्यात एका बाईंनी पोराच्या फोनला लॉक मारून नेलं. दोन दिवसांनी पोरगा एकटाच आला. लॉक काढायचे किती घेता, म्हणाला. त्याला स्टूल दिलं, चहा सांगितला.

"विषय किती राहिलेत?"

"दोन."

"खरे, की घरात सांगितलेले?"