एमएसएच६ आणि एक रिकामा रकाना

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासणारी डॉक्टर. सकाळी साडेदहाला मी सर्जनना फोन करून मोकळी झाले, "सर, एमएसएच६ गेलेलं दिसतंय." रिपोर्ट टाइप झाला होता, सही तेवढी राहिली होती. ही घाई मला नडली.

पेशंट ५२ वर्षांचे. रेक्टमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर, ऑपरेशन करून काढलेला आतड्याचा तुकडा आमच्याकडे आलेला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर म्हटला की आम्ही चार प्रोटीन बघतोच: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. पेशीतले मुद्रितशोधक म्हणा. डीएनएची नक्कल होताना राहून गेलेल्या चुका हे जोडीजोडीनं निस्तरतात. एमएसएच२ आणि एमएसएच६ मिळून चूक पकडतात, उरलेली जोडी पुढची दुरुस्ती करवून घेते. साधारण १५ टक्के ट्यूमरमध्ये हे काम बंद पडलेलं असतं, आणि अशा ट्यूमरवर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) चांगली चालते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमधून डोस्टारलिमॅब या अशाच औषधाचे निकाल आले. अशाच रेक्टमच्या कॅन्सरचे पहिले बारा पेशंट, आणि बाराही जणांचा ट्यूमर ऑपरेशनशिवाय दिसेनासा झालेला. तेव्हापासून सर्जन मंडळी या चार नावांची आमच्यापेक्षा जास्त वाट बघतात.

दुसरी बाजू घरच्यांची. एकटं एमएसएच६ गेलं, तर पहिला संशय लिंच सिंड्रोमचा. म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष वारशानं आलेला असू शकतो, आणि मुलांनाही तो मिळण्याची शक्यता निम्मी.

स्लाइड तशी चोख होती. प्रोटीन असलं की न्यूक्लिअस (पेशीचं केंद्रक) तपकिरी होतो, नसलं की नुसता निळा राहतो. ट्यूमरच्या ग्रंथी निळ्या, शेजारचे लिम्फोसाइट (निरोगी पांढऱ्या पेशी) मात्र झकास तपकिरी. हे शेजारी बघणं फार महत्त्वाचं. तेही निळे असते, तर स्टेनिंगच फसलं म्हणून स्लाइड बाजूला ठेवली असती. एमएसएच२ शाबूत होतं, पण त्यात वावगं काही नाही. एमएसएच६ नसलं तरी एमएसएच२ दुसऱ्या जोडीदाराबरोबर टिकून राहतं. नियमाप्रमाणे सगळं जुळत होतं.

सही करणार तेवढ्यात आमची रेसिडेंट म्हणाली, "मॅडम, हे ठिपके कसले? घाण आहे का?"

चाळीसच्या लेन्सखाली पुन्हा पाहिलं. काही निळ्या न्यूक्लिअसच्या आत मोहरीएवढा एकेक तपकिरी ठिपका. घाण अशी नेमकी न्यूक्लिओलसवर, म्हणजे न्यूक्लिअसमधल्या त्या छोट्या गोलावर, जाऊन बसत नाही. मग साधी एच अँड ई स्लाइड (नेहमीच्या दोन रंगांची) काढली. ट्यूमर कमी, व्रणासारखी तंतुमय जागा जास्त, मध्येच पेशी नसलेली म्यूकसची तळी. पोटात गोळा आला. हा उपचार घेऊन आलेला ट्यूमर होता. केमो-रेडिएशननंतर एमएसएच६ फिकं पडू शकतं, कधी नुसतं न्यूक्लिओलसपुरतं उरतं. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, आणि आज समोर आलं तर ओळखलं नाही!

फॉर्म बघितला. 'पूर्वीचे उपचार' हा रकाना कोरा. तो निम्म्या फॉर्मवर कोराच असतो, आणि आम्हीही विचारायचं सोडून दिलंय. खरं तर ही चार प्रोटीनं उपचाराआधीच्या बायोप्सीवरच बघायला हवी होती. तिथे पेशी ताज्या असतात, शिवाय उपचार ठरवायलाही उत्तर तेव्हाच हवं असतं.

बायोप्सी चार महिन्यांपूर्वी आमच्याकडेच झाली होती. लॅबच्या मामांना तिचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला टिश्यू) शोधायला पाठवलं. ड्रॉवरमध्ये तो जागेवर नव्हता, शेजारच्या रांगेत सापडायला पाऊण तास गेला. ब्लॉकमध्ये टिश्यू उरलाय की नाही हीच धास्ती, कारण बायोप्सी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे. टेक्निशियननं जपून चार मायक्रॉनचे काप घेतले आणि दुपारी मशीन लावलं. पुढचे तीन-चार तास मी इतर रिपोर्ट केले म्हणायचं, लक्ष नव्हतंच.

सहा वाजता स्लाइड हातात आली. उपचाराआधीच्या ट्यूमरमधला न्यूक्लिअस न् न्यूक्लिअस गडद तपकिरी. उरलेली तिन्ही प्रोटीनंही जागेवर. सकाळची ओळ खोडली, 'एमएसएच६ शाबूत' लिहिलं, आधीची तूट उपचारामुळे भासली अशी टीप जोडली आणि सर्जनना फोन लावला.

"अहो, त्यांची मुलगी दुपारी येऊन गेली," ते म्हणाले. "मी तिला जेनेटिक काउन्सेलिंगचं बोललो. थांबा, बाहेरच बसलीय, तुम्हीच सांगा."

मुलगी चोवीस वर्षांची. मी सांगितलं की सकाळचा संशय चुकीचा ठरलाय, वडिलांच्या ट्यूमरमध्ये लिंच सिंड्रोमची खूण नाही. "वडिलांना कॅन्सर झालाय, त्यामुळे चाळिशीला कोलोनोस्कोपी तुम्हा दोघा भावंडांना करावीच लागेल. पण आत्ता घाईनं काही नाही. आणि सकाळी मी न थांबता बोलले, ती चूक माझी."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "डॉक्टर, मी दादाला दुपारीच फोन केलाय. तो रजा टाकून निघालाय."

"त्याचा नंबर द्या," मी म्हटलं. "मी बोलते."