एका वाक्यासाठी तेरा कोटी डॉलर

रविवार, रात्री पावणेबारा

घरची मंडळी लग्नाला गेलीत. टेबलावर वाचायची म्हणून आणलेली तीन जाड पुस्तकं. अशा वेळी कुठलाही सुजाण माणूस करेल तेच मी केलं. कालची आमटी गरम केली आणि ‘बॅड बॉइज २’ लावला. सातव्यांदा.

२००३ सालचा सिनेमा. दिग्दर्शक मायकेल बे, लांबी १४७ मिनिटं, खर्च सुमारे १३ कोटी डॉलर. मायामीचे दोन पोलीस, माइक (विल स्मिथ) आणि मार्कस (मार्टिन लॉरेन्स), नशेच्या गोळ्यांच्या एका व्यापाऱ्यामागे लागतात. हा गृहस्थ मढ्यांच्या पोटात माल दडवतो, त्यामुळे एका पाठलागात गाडीतून प्रेतं घरंगळत रस्त्यावर येतात. अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट यांनी या सिनेमाला एकच तारा दिला होता. माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. त्या प्रसंगाला मीही आमटीची वाटी बाजूला ठेवतो.

पण आज सातव्या खेपेला मला या कलाकृतीचा गाभा सापडला, म्हणून झोप सोडून लिहायला बसलोय. हा सिनेमा गोळ्यांबद्दल नाहीच. ना त्या, ना ह्या. मार्कसला बदली हवी आहे आणि ते माइकला सांगायचं त्याच्याच्यानं होत नाही. तिकडे माइकचं मार्कसच्या बहिणीशी जुळलंय आणि तेही त्याच्या तोंडून निघत नाही. दोन दणकट पुरुष, दोघांच्या पोटात एकेक वाक्य. आता वाक्य बाहेर येत नाही म्हटल्यावर दुसरं काहीतरी बाहेर यायलाच हवं. मग पुलावर गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरवरून मागच्यांच्या अंगावर एकेक मोटार सोडली जाते. माइकची चंदेरी फेरारी त्यातून वाट काढतेय आणि शेजारी मार्कस जिवाच्या आकांतानं ओरडतोय. अख्खा पूल भंगारात निघतो, पण बदलीचा विषय निघत नाही.

आमच्याकडे सासू-सुनेचं बिनसलं की भांडी आपटतात. मायामीत मोटारी आपटतात. तत्त्व तेच.

बरं, मन मोकळं करायचा एक प्रसंग आहेसुद्धा. सुरुवातीच्या धाडीत माइकचीच गोळी मार्कसच्या पार्श्वभागाला लागलेली असते आणि त्यापायी त्याच्या संसारसुखात बिघाड झालेला असतो. हे दुःख तो टीव्हीच्या दुकानात, कॅमेऱ्यासमोर बसून सांगतो आणि ते दुकानातल्या सगळ्या पडद्यांवर दिसत राहतं. गिऱ्हाइकं थिजून बघतायत. नाजूक बोलणं आपल्यातही नेमकं चार माणसांतच निघतं, तर मायकेल बे यांना पोकळ कोण म्हणतो?

शेवटाचं समर्थन मात्र मला जमत नाही. दोघं क्युबात शिरतात (बरंचसं चित्रण पोर्तो रिकोत झालंय), तिथला त्या व्यापाऱ्याचा बंगला उडवतात आणि मग पिवळी हमर डोंगरउतारावरच्या झोपड्यांमधून थेट खाली घालतात. पत्रे, भिंती, संसार, सगळं चाकाखाली. जॅकी चॅननं १९८५च्या ‘पोलीस स्टोरी’त अशाच वस्तीतून मोटारी खाली उतरवल्या होत्या, त्यामुळे कल्पनाही घरची नाही. उडवलेला बंगला तरी फ्लोरिडातला खराखुरा आणि मालकाला पाडायचाच असलेला. एवढं झाल्यावर ग्वांतानामोच्या अमेरिकी तळासमोर, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यात, हिशेब मिटतो. आणि मग घरी, पोहण्याच्या हौदात बसून, मार्कस बदलीचा कागद फाडतो. लगेच हौदही फुटतो. त्या कागदाला १४७ मिनिटं लागली.

इथे मी सिनेमा थांबवला आणि बराच वेळ तसाच बसलो.

नऊ वर्षं मी आणि माझा मित्र कोथरूडहून पिंपरीला एकाच गाडीतून ऑफिसला जातोय. गाडी त्याची, तोच चालवतो. मी शेजारी बसून “अरे ब्रेक, ब्रेक!” करतो. “तू चालव मग,” तो म्हणतो आणि उजवीकडून रिक्षेला घासून काढतो. विद्यापीठाच्या चौकात त्याच्या बायकोचा फोन येतो, तो मी उचलतो. “वहिनी, निघालोय, हो, डबा घेतलाय.” गेल्या महिन्यात मी नागपूरला बदलीचा अर्ज दिला. आईचं वय झालंय, कारण खरं आहे, लाजण्यासारखं त्यात काही नाही. साहेबांना सांगितलं, घरी सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. याला नाही. मंगळवारी औंधला सांगणार होतो, तर त्यानं क्रिकेट काढलं. गुरुवारी मीच काढलं.

आत्ता त्याचा मेसेज आला : “उद्या आठ वीस. सीएनजीला लाइन असते, पाच मिनिटं आधी खाली ये.”

मी लिहिलं, “अरे, एक बोलायचं होतं.” खोडलं. “बरं” लिहून पाठवलं.