आई, बर्गन आणि सुकं

सकाळी आठला जहाज नॉर्वेतल्या बर्गनच्या धक्क्याला लागलं आणि पाऊस सुरू झाला. सुरू झाला म्हणजे काय, इथे तो असतोच. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. मुंबईतही साधारण तेवढाच पडतो, पण आपला बिचारा चार महिन्यांत सगळं उरकतो. अलिबागची माझी आई छत्री उघडत म्हणाली, "एवढे पैसे खर्चून श्रावणच बघायला आणलंस होय?"

धक्क्यापासून ब्रिगन, म्हणजे जुनी व्यापारी वस्ती, चालत दहा-पंधरा मिनिटांवर. लाल, पिवळी, पांढरी लाकडी घरं खांद्याला खांदा लावून उभी. काही चक्क कललेली. फोटो सगळे समोरूनच काढतात. खरी मजा मधल्या बोळांत आहे. पायाखाली फळ्या, डोक्यावर पुढे आलेले सज्जे, डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास. १३६०च्या सुमारास हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे पेढी थाटली. १७०२च्या आगीत सगळं जळालं आणि पुन्हा जुन्याच पद्धतीने बांधलं. आगीची धास्ती इतकी की या घरांत चूल नाही, शेकोटी नाही, दिवासुद्धा नाही. स्वयंपाक आणि ऊब मागच्या वेगळ्या इमारतींत. शिवाय पेढीवरच्या पुरुषांना लग्नाची बंदी. "म्हणूनच चूल नव्हती," आईचा निकाल.

हा सगळा पसारा कशावर उभा होता? सुक्या माशावर! उत्तरेकडच्या लोफोटेनचा कॉड, मीठ न लावता नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवलेला. पेढीच्या चिन्हात अर्धा गरुड आणि शेजारी मुकुट घातलेला सुका मासा. एका अंगणात लाकडात कोरलेला अवाढव्य मासा आहे, त्याच्यापुढे आई बराच वेळ थांबली. वलांडीवर वाळणारे बोंबील पाहत वाढलेली बाई ती. बोंबलाला मुकुट कोणी घातला नाही, ही तिची तक्रार मला रास्त वाटते.

१९५५च्या आगीनंतर इथे उत्खनन झालं, तेव्हा रून या जुन्या उत्तर युरोपी लिपीत कोरलेल्या काठ्या निघाल्या. बऱ्याचशा व्यापाराच्या चिठ्ठ्या. एकीवर मात्र एवढंच: "गिडा म्हणते, तू घरी जा." कोण कुठे बसला होता कोण जाणे.

फ्लॉयनवर जाणारी डोंगररेल्वे १९१८ची. वर ३२० मीटरवर ढगच ढग. दिसलं काही नाही, पुढे.

मासळीबाजारात आईने काठीसारखा कडक कॉड घेतला. भिजायला आठवडा लागतो म्हणे. "बोंबील अर्ध्या तासात होतो," ती विक्रेत्याला मराठीतच म्हणाली.

जहाजावर चढताना पिशवी यंत्रातून गेली आणि बाजूला काढली गेली. पहाऱ्यावरच्या मुलाने ती उघडली, वास घेतला आणि हसला. रत्नागिरीचा निघाला.

"मावशी, सुकं?"

सफर संपेपर्यंत कॉड त्याच्या ताब्यात राहिला.