बॅटरी नसलेला सेन्सर आणि हरवलेले १५ मायक्रोअँपिअर

खोलीतल्या उजेडावर चालणारा तापमानाचा सेन्सर करायला घेतला, तेव्हा माझा सगळा हिशोब रेडिओभोवती फिरत होता. संदेश पाठवताना ३० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे खर्च तिथेच असणार असं वाटलं. पण ते जेमतेम ५ मिलिसेकंद, तेही दर १० मिनिटांनी. सरासरी फक्त पाव मायक्रोअँपिअर! खरा खर्च होतो तो सर्किट झोपलेलं असताना.

सोलर सेल अमॉर्फस सिलिकॉनचा, कारण घरातल्या मंद उजेडात तो चांगला चालतो. सेलची वीज साठवण्याजोग्या व्होल्टेजला आणणाऱ्या कन्व्हर्टरमधून हाती येत होते ४० मायक्रोवॉट, तेही उजेडाचे १० तासच. साठवायला, बॅटरीऐवजी, ०.४७ फॅरड धारकतेचा सुपरकपॅसिटर. संध्याकाळी ३ व्होल्टपर्यंत भरून ठेवला, तरी पाच तासांत सेन्सर बंद.

संशय कपॅसिटरच्या गळतीवर गेला. नवा सुपरकपॅसिटर सुरुवातीला जास्त गळतो, म्हणून तीन दिवस भरलेला ठेवून पाहिला. फरक थोडाच. मल्टिमीटर लावला, तर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर त्याच्या आतल्या रेझिस्टन्समुळे व्होल्टेज पडायचं आणि रेडिओ सुरू होताच सर्किट रीसेट व्हायचं. शेवटी कपॅसिटरलाच मीटर केलं. सेल झाकला, व्होल्टेज मोजलं, तासाभराने पुन्हा मोजलं: ३.०० वरून २.८५. धारकता गुणिले घट, भागिले ३,६०० सेकंद, म्हणजे साधारण २० मायक्रोअँपिअर. माझ्या हिशोबात झोपेचा खर्च तर फक्त २ मायक्रोअँपिअर होता!

बोर्डवरचा एकेक भाग काढत गेलो आणि सापडले ते व्होल्टेज मोजायला लावलेले एकापुढे एक जोडलेले दोन रेझिस्टर, प्रत्येकी १ लाख ओहमचे. ३ व्होल्टला त्यांतून १५ मायक्रोअँपिअर अखंड वाहत होते. म्हणजे ४५ मायक्रोवॉट, सेलच्या सगळ्या कमाईपेक्षा जास्त. किती ऊर्जा उरली हे बघणारी जोडीच ती संपवत होती.

वरच्या रेझिस्टरचं टोक पुरवठ्यावरून काढून मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे सेन्सर चालवणाऱ्या चिपच्या, एका पिनवर नेलं. मोजायच्या क्षणी पिन चालू, एरवी बंद. आता तासाला घट ०.०३ व्होल्ट.

आणखी एक अडचण निघाली. पूर्ण रिकामा झालेला सेन्सर थोडं व्होल्टेज चढताच जागा व्हायचा, तेवढ्यात साठा संपून पुन्हा बंद पडायचा. त्यासाठी २.८ व्होल्टला जोडणारा आणि २.२ ला तोडणारा स्विच घातला.

पहिल्या यशस्वी रात्रीनंतर, उजेड पडायच्या आधीचं वाचन होतं २.५७ व्होल्ट.